आईचा विळा घेऊन बडोद्यास

वाईहून निघाले तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक विळा एवढे सामान होते. प्रवासाला गेलेले पुरुष परत आल्यावर आधी तिथल्या हवेविषयी लिहितात. मी सामानापासून सुरुवात करते, कारण ते सगळे मला एकटीला उचलावे लागले.

माझी धाकटी बहीण यमू हिला चार वर्षांपूर्वी बडोद्यास दिली. तिचे सासरे, आजेसासरे सगळे गायकवाड सरकारच्या चाकरीत. यजमान दत्तोपंत तिथल्या बांधकाम खात्यात नकाशे काढतात. यंदा यमूला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, हा आपल्याकडचा रिवाज वाचक भगिनींना मी सांगायला नको. पण आमचे आईवडील गेले, भाऊ नाही, आणि मी मुलींच्या शाळेत शिकवणारी, एका खोलीत राहणारी विधवा. तेव्हा माहेर म्हणून जे काही उरले होते ते ट्रंकेत भरून मीच तिच्याकडे निघाले.

विळ्याचे असे, की यमूने पत्रात दोनदा लिहिले होते, ‘ताई, आईचा विळा विसरू नकोस.’ आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नाळ त्या एकाच विळ्याने कापलेली. मग तो बाळंतिणीच्या उशाशी ठेवायचा, पाचवीला सटवाईपुढे त्याची पूजा करायची आणि पुन्हा लुगड्यात गुंडाळून फडताळात. त्याने कधी कोणी गवताची काडी कापली नाही. आईच्या मागे तो माझ्याकडे आला. दागिने म्हणावे असे काही नव्हतेच, त्यामुळे आमची इस्टेट तीच.

वाठार स्टेशनापर्यंत टांगा, तिथून पुणे, पुण्याहून मुंबई. मुंबईत स्टेशन बदलताना हमालाने लाडवांचा डबा उलटा धरला आणि पुढे बडोद्यापर्यंत मी लाडवांऐवजी चुरा वाहिला. त्याला मी शाळेतल्या आवाजात चार शब्द सुनावले. तो हसला. मुंबईत शाळेतल्या आवाजाला कोणी भीत नाही.

पुढच्या गाडीत बायकांच्या डब्यात एक सुरतेची बाई समोर बसली होती. गाडी हलताच तिने विचारले, “केटलां छोकरां छे, बेन?” (मुले किती, ताई?) बायकांच्या डब्यात नाव विचारण्याआधी हे विचारतात, मग तो डबा कुठल्याही मुलखातला असो.

“नाहीत,” मी म्हणाले. हे उत्तर मला पाढ्यासारखे पाठ आहे.

तिने माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले, जीभ टाळ्याला लावून च्च केले आणि मला एक केळे दिले. पुढचा सगळा वेळ ती पलीकडच्या बाईशी बोलत होती. मी खिडकीतून ताडाची झाडे, मग मिठागरे, मग कापसाची मोकळी शेते बघत केळे खाल्ले. इतक्या बायकांत बसून इतके एकटे मला पूर्वी वाटले नव्हते.

बडोद्याच्या स्टेशनावर जकातीच्या शिपायाने सामान उघडायला लावले. लुगडे सोडताच विळा बाहेर आला. शिपाई मराठी निघाला, मिशीवाला, आजोबा फौजेत असल्याचे त्याने न विचारता सांगितले.

“बाई, हे हत्यार कशाला?”

“बाळंतपणाला,” मी म्हणाले.

त्याने घाईघाईने लुगडे पुन्हा गुंडाळले आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिले. “आमच्या घरीपण होता,” तो म्हणाला. “बेसा टांग्यात. मी सांगतो त्याला.” इथले मराठी लोक बसा न म्हणता बेसा म्हणतात. चार पिढ्या गुजराथीशेजारी राहून भाषेला ते वळण पडले आहे.

बडोदे नेटके शहर आहे. रस्ते झाडलेले, झाडे लावलेली, सुरसागर तलावाला चारी बाजूंनी दगडी कठडा. पण मला नवल वाटले ते दुसऱ्याच दिवशी सकाळी, पाटी-दप्तर घेऊन चाललेल्या मुलींच्या रांगा पाहून. इथे महाराजांनी कायदाच केला आहे, मुलगी शाळेत घातली नाही तर बापाला दंड. वाईत मी एकेका मुलीसाठी तिच्या आजीच्या हातापाया पडते! बायकांना वाचायला वेगळी खोली आहे, तिथे मी दोन दुपारी जाऊन बसले. छान उजेड होता, मासिके होती, आणि ओळखीचे कोणी नव्हते.

घर दांडिया बाजारात. यमू दारातच भेटली. पोट पुढे आलेले, पाय सुजलेले, आणि चेहरा तोच, लहानपणी माझ्या वेणीला धरून झोपणारीचा. तिला जवळ घेतले तेव्हा मला रडूच आले. यमूच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, स्वागत रीतसर केले. पाणी दिले, चहा दिला, आणि माझा बिछाना मागच्या ओसरीवर घातला.

“राग मानू नका हं, गोदूबाई,” त्या म्हणाल्या. “पण दिवस भरत आलेत. तिच्या खोलीत तुमचं येणंजाणं नको. सवाष्णींचं ठीक असतं.”

राग कशाचा मानायचा? विधवेने बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नये, हे मलाही ठाऊक होते. मीच ते लहानपणी दुसऱ्या कोणाला सांगितले असेल. तरी दीड दिवस प्रवास करून बहिणीसाठी यायचे आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकायचा, हे जड गेले. आमटीत गूळ इतका असे की भाताबरोबर पक्वान्न खाल्ल्यासारखे वाटे. तीही मी ओसरीवर एकटीच बसून खाई. विळा मात्र देवघरात गेला. त्याला मान होता.

चौथ्या दिवशी हिराबेन आल्या. दत्तोपंतांनी हट्टाने ठरवलेली ही शिकलेली सुईण. मूळच्या जवळच्याच छाणी गावच्या, सरकारी दवाखान्यात तीन वर्षे शिकलेल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हाताला औषधी साबणाचा उग्र वास. मराठी घरांत वावरून मराठी चांगले बोलत, मध्येच गुजराथी येई. यमूला तपासून त्या हात धुवायला मागच्या मोरीशी आल्या. तिथे मी विळा घासत बसले होते. विहीणबाईंनी चिंच लावून लखलखीत करायला सांगितला होता.

“हे कशासाठी?” हिराबेननी विचारले.

मी अभिमानाने सगळा इतिहास सांगितला. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. मग हात पुसत म्हणाल्या, “आईची छोकरां (मुले) किती याच्यानं सुटली?”

“सात.”

“जगली किती?”

“आम्ही दोघी. एक भाऊ देवीच्या साथीत गेला, पाच वर्षांचा होऊन.”

“अने बाकी?”

“बाकी चार अगदी तान्हीच गेली. सटवाईने नेली.”

“कितव्या दिवशी?”

कोणी कधी विचारले नव्हते. मी आठवू लागले. आई सांगायची ते मला माहीत होते. “एक सहाव्या. दोन आठव्या. एक… सातव्या.”

“दूध ओढायचं बंद केलं, जबडा मिटला, मग अंग ताठ. असंच ना?”

मी मान हलवली. हातातली चिंच तशीच राहिली.

“पछी (मग) याच्यानं आणखी कोणाचं?”

“माझं,” मी म्हणाले. “मुलगा. आठव्या दिवशी.”

मी शाळेत मुलींना बेरीज शिकवते. बारा वर्षे शिकवते आहे. ही पाच आकड्यांची बेरीज मी कधी मांडली नव्हती, आणि आता मांडली गेल्यावर ती पुसता येईना. विळा वरून चांदीसारखा चमकत होता. हिराबेननी तो उलटा करून मुठीशी जिथे पाते लाकडात शिरते तिथला काळा मळ नखाने दाखवला. “हे चिंचेनं जात नाही,” त्या म्हणाल्या. “मी माझी कातर अन् दोरा पाण्यात उकळून आणते. मला उशीर झाला तर वाट बघायची. मूल आईच्या पोटावर उबेत ठेवायचं, कापडानं झाकायचं. नाळ थांबते. घाई माणसांना असते.”

जाता जाता त्या वळल्या. “नाव ठेवलं होतं?”

“बारशाआधीच गेला. नाव कुठलं?” मी म्हणाले.

हे खोटे होते. त्यांनाही ते कळले असावे, कारण त्यांनी माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि गेल्या.

त्यानंतरचे सहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. यमूला सांगावे, तर गरोदर बाईसमोर मेलेल्या मुलाचे नाव काढणे म्हणजे अभद्र. विहीणबाईंना सांगावे, तर त्या म्हणतील, हिचे कपाळ असे, त्याचा दोष विळ्याला देते. आणि खरे कारण याहून वाईट होते. सांगायचे म्हणजे मान्य करायचे, की माझा मुलगा सटवाईने नेला नाही. तो विळा मी स्वतः माझ्या सुईणीच्या हातात दिला होता, आईने शिकवल्याप्रमाणे हळदकुंकू वाहून. रोज संध्याकाळी मी सुरसागराच्या कठड्याशी जाऊन बसे. लोक फिरायला येत, चणे घेत, बोलत. मी पाण्याकडे बघत वाक्य जुळवी आणि घरी येऊन गप्प बसे. माझ्यासारखी तोंडाळ बाई सहा दिवस मुकी झाली होती.

सातव्या दिवशी सकाळी यमूच्या पोटात दुखू लागले. दत्तोपंत हिराबेनना आणायला धावले. त्या मांजलपूरच्या बाजूला दुसऱ्या एका बाईकडे गेल्या होत्या, असा निरोप त्यांनी एका टांगेवाल्याबरोबर पाठवला आणि स्वतः तिकडे गेले. पहिलटकरीण म्हणून सगळ्यांना वाटले होते वेळ लागेल. पण यमूला घाई. जेवणवेळ टळायच्या आतच आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ विहीणबाईंचा. “गोदूबाई! देवघरातला विळा द्या पाहू!”

मी देवघरात गेले. विळ्याला हळदकुंकू वाहिलेले होते. तो उचलला आणि खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिले.

“द्या ना इकडे! बघता काय?”

“हा नको,” मी म्हणाले. “हिराबेन येईपर्यंत थांबू. मूल तिच्या पोटावर ठेवा आणि झाकून घ्या.”

“वेड लागलं का तुम्हाला? नाळ तशीच ठेवू? माझे हात काही आजचे नाहीत, आळीतली निम्मी बाळंतपणं मी केली आहेत!”

“विहीणबाई, माझा मुलगा याच्यानं गेला.”

“अभद्र बोलू नका इथे! बाहेर व्हा!”

“आईची चार गेली. माझा पाचवा. सगळी सहाव्या, सातव्या, आठव्या दिवशी. सटवाई नाही, हा विळा. मी देणार नाही.” माझा आवाज शाळेतला नव्हता. तो कुठून आला मला ठाऊक नाही. मी लहान मुलीसारखी रडत होते आणि विळा पाठीमागे धरला होता.

विहीणबाई पुढे आल्या. त्यांनी माझे मनगट धरले. तेवढ्यात खाटेवरून यमू म्हणाली, “ताई, आत ये.”

“अगं यमुने…” विहीणबाई म्हणाल्या.

“ताईला आत येऊ द्या. आणि बाळ माझ्यापाशी राहू द्या.”

मी उंबरा ओलांडला. विळा दाराबाहेर ओसरीवर फेकला, तो फरशीवर वाजला. यमूच्या पोटावर एक लालबुंद मुलगी होती, मुठी आवळलेली, आमच्या आईचे नाक. धुवून उशाशी ठेवलेले आईचे मऊ लुगडे मी तिच्यावर घातले. मग आम्ही तिघी वाट बघत राहिलो. टांगा वाजला की विहीणबाई खिडकीशी जात आणि परत येत. तीन टांगे असे गेले. मला वाटत होते, हिराबेन चुकल्या असल्या तर? मी चुकले असले तर? बहिणीचे मूल मी माझ्या दुःखापायी घालवते आहे की काय?

चौथ्यांदा खिडकीतून परत येऊन विहीणबाई खाली बसल्या. “माझे दोन गेले,” त्या हळूच म्हणाल्या. “एक सातव्या दिवशी. एक नवव्या. जबडा मिटून.” आणि थोड्या वेळाने, “मी सटवाईला किती शिव्या दिल्या हो.”

पाचव्या टांग्यातून हिराबेन उतरल्या. त्यांनी आधी हात धुतले. सगळ्यांना ओरडत ओरडत, कोपरापर्यंत धुतले, आणि डब्यातली उकळलेली कातर काढली. काम दोन मिनिटांचे होते. मग यमूला तपासून त्या म्हणाल्या, “बन्ने सारी छे.” (दोघी छान आहेत.)

पाचवीला पाटावर विळा हवाच, म्हणून विहीणबाईंनी माझाच विळा मागितला. मी दिला. पूजेला माझी हरकत नव्हती. खरी कसोटी आठव्या दिवसाची होती. त्या दिवशी सकाळपासून मी यमूच्या खोलीत बसून होते, आणि मला कोणी ऊठ म्हटले नाही. मुलगी उठली की मी आधी तिचे तोंड बघे. ती दूध ओढायला लागली की मला घोट मोजावेसे वाटत. दिवस मावळला तेव्हा ती हावरटासारखी पीत होती आणि यमू माझ्याकडे बघून हसत होती. “ताई, आता तरी जेव,” ती म्हणाली.

बारसे झाले. पाळणा म्हणायला सवाष्णी जमल्या आणि मला पुन्हा मागच्या ओसरीवर बसावे लागले. रिवाज एका दिवसात मोडत नाहीत. घुगऱ्यांची ताटली मात्र विहीणबाई स्वतः घेऊन आल्या आणि मी खाईपर्यंत शेजारी बसून राहिल्या. पूजेनंतर विळा माझ्याकडे परत आला होता; तो ठेवून जा असे त्या म्हणाल्या नाहीत, मीही ठेवून गेले नाही. तो घरात राहिला असता तर पुढच्या कोणाच्या तरी घाईच्या वेळी पुन्हा बाहेर निघाला असता.

निघायच्या सकाळी शहरातल्या मांडवी दरवाजाजवळ गाईंच्या चाऱ्याचे भारे घेऊन बसलेल्या एका भरवाड बाईपाशी (ही इथली गुरे राखणारी जात) मी टांगा थांबवला आणि विळा तिच्यापुढे धरला. तिने अंगठ्याने धार पाहिली. “लोढुं सारुं छे,” ती म्हणाली. लोखंड चांगले आहे.

“गवतालाच हं,” मी सांगितले. “दुसऱ्या कशाला नाही.” तिला माझे मराठी कळले की नाही देव जाणे. तिने तिथेच एक पेंढी कापून दाखवली. स्वच्छ, एका झटक्यात कापली. आईच्या विळ्याने गवत कापलेले मी जन्मात पहिल्यांदा पाहिले, आणि आईची क्षमा मागितली. तिलाही कोणी कधी विचारले नव्हते, कितव्या दिवशी म्हणून.

परतीच्या गाडीत सामान हलके होते. डब्यात मोजून सहा बायका होत्या. भडोच मागे पडले, नर्मदेचा लांबच लांब पूल आला, सगळ्यांनी पाण्याकडे बघून हात जोडले. पूल संपल्यावर समोरच्या बाईने, ती कुठे नवसारीकडे माहेरी चालली होती, माझ्याकडे वळून विचारले, “केटलां छोकरां छे, बेन?”

माझे पाठ उत्तर ओठापर्यंत आले होते.

“एक मुलगा होता,” मी म्हणाले. “आठ दिवसांचा होऊन गेला.”

तिने च्च केले नाही. ती थोडी सरकली आणि माझ्यासाठी खिडकीकडची जागा मोकळी केली. “नाम?” तिने विचारले.

बारशाला चार दिवस होते. पण मी त्याला मनातल्या मनात पहिल्याच रात्री नाव ठेवले होते, आणि पुढे आठ दिवस, कोणी जवळ नसले की त्याच नावाने हाक मारली होती. नवऱ्यालाही ते सांगितले नव्हते. तोही पुढच्याच वर्षी प्लेगात गेला. तेरा वर्षे ते नाव माझ्याशिवाय कोणी ऐकले नाही. वाचक भगिनींनो, तुमच्यापैकी किती जणींकडे असे एखादे नाव असेल मला ठाऊक नाही. असले तर कोणाजवळ तरी उच्चारा, आणि मूल कितव्या दिवशी गेले तेही सांगा. ऐकणारीच्या पदरी कदाचित एखादे तान्हे असेल.

“मुकुंद,” मी म्हणाले.

“मुकुंद,” तिने म्हणून पाहिले, आणि मग बोटे मोजत आपल्याकडची अशी नावे सांगू लागली.